आभाळाला साइडपट्टी नसते

यावल तालुक्यात एखादं इंजिन रिकामं दिसलं, की ते आता कशाला जोडायचं एवढाच प्रश्न उरतो. विहिरीवरचं डिझेल इंजिन वीज आली म्हणून निवृत्त होत नाही. ते आधी कुट्टीच्या मशीनला लागतं, मग पिठाच्या गिरणीला, उन्हाळ्यात रसवंतीला आणि गणपतीत जनरेटर होऊन मंडळाच्या आरासीला उजेड देतं. जुन्या स्कूटरचं इंजिन फवारणीच्या पंपावर चढतं. एकदा पट्टा आणि पुली मिळाली, की आमच्याकडे कुठलंही इंजिन कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत केळी उभी आहे ती पाण्यावर, आणि ते पाणी आजवर वर आलं ते गावोगावच्या मिस्तरी लोकांच्या हिकमतीवर. त्यामुळे मिस्तरीला आमच्याकडे डॉक्टरपेक्षा थोडा जास्तच मान आहे. डॉक्टर निदान तपासून तरी बघतो. मिस्तरी नुसता आवाज ऐकून सांगतो.

या मंडळींचा एक अलिखित सिद्धांत आहे. इंजिन बंद पडणं हा बिघाड नव्हे, तो इंजिन चालण्याचाच एक भाग आहे. फैजपूर रस्त्यावर काळीपिवळी बंद पडली की ड्रायव्हर ती साइडपट्टीवर घेतो. प्रवासी उतरून निंबाखाली उभे राहतात. कोणी तंबाखू मळायला लागतो, कोणी केळीचा भाव विचारतो. ड्रायव्हर प्लग काढून पँटीला पुसतो, त्यावर फुंकर मारतो, परत लावतो. दहा मिनिटांत गाडी चालू. कोणी रागावत नाही, कोणी तक्रार करत नाही; उलट तेवढ्या वेळात एखादी सोयरीक जुळण्याच्या बेताला येते. या सगळ्या व्यवस्थेचा पाया म्हणजे ती साइडपट्टी आहे, हे मात्र आजवर कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

अशा गावात एखाद्या मिस्तरीच्या डोक्यात विमान शिरलं तर नवल कसलं? शिरपूरला वैमानिक घडवणारी अकादमी आहे. आभाळात छोटं विमान दिसलं की गाडीखाली उताणा पडलेला मिस्तरी हातातला पाना छातीवर ठेवतो आणि बघत राहतो. बाकीचे लोक म्हणतात, "कित्ती वर हे!" मिस्तरी म्हणतो, "एक सिलिंडर कमी मारते वाटते."

बुरुज चौकाकडच्या अशाच एका गॅरेजात परवा विषय निघाला.

"सर, ह्या विमानाले इंजिन कोनतं राह्यतं?"

मी सांगितलं, बहुतेक छोट्या विमानांना लायकमिंग किंवा कॉन्टिनेन्टल नावाचं अमेरिकन इंजिन असतं, हलक्या विमानांना ऑस्ट्रियाचं रोटॅक्स.

"केवढ्याले पडते?"

"नवं लायकमिंग घ्यायचं तर तीस-चाळीस लाख सहज."

मिस्तरीनं आधी माझ्याकडे आणि मग कोपऱ्यात विटांवर ठेवलेल्या मारुती 800 च्या इंजिनाकडे पाहिलं. "इतक्या पैशात तं मी भुसावळचं आर्धं भंगार घिऊन टाकीन. हे आठशेचं मारू ना!"

बाकावर केळीवाले आप्पा बसले होते. त्यांनी बिडी विझवून पहिला तांत्रिक प्रश्न विचारला. "आन् वर बंद पडलं तं?"

"तं पाहू."

"वरून पाहशीन का खालून?"

हसण्यावारी नेलं तरी मिस्तरीचा विचार वेडेपणाचा नव्हता. घरी बनवलेल्या विमानाला दुसऱ्याच कामाचं इंजिन बसवणं ही जगभरातली जुनी हौस आहे, आणि तिचा उगम थेट राइट बंधूंपाशी आहे. सायकलच्या दुकानवाल्या या दोन भावांना 1903 च्या विमानासाठी कोणी मोटार कंपनी इंजिन बनवून देईना. मग त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मिस्तरीनं सहा आठवड्यांत चार सिलिंडरचं इंजिन ठोकून दिलं. त्याची ताकद कशीबशी बारा अश्वशक्ती. पंख्याला गती कशानं दिली? चेन आणि दातेरी चक्रानं! म्हणजे जगातलं पहिलं विमान हे घरी बनवलेलं, प्रायोगिक इंजिनाचं आणि चेनवर चालणारं होतं. हे सांगितल्यावर मिस्तरीची मान जी वर गेली ती दुपारपर्यंत खाली आली नाही.

पुढे 1929 मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्ह नावाच्या खेड्यात बर्नार्ड पीटनपोल या गृहस्थानं फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन लाकडी विमानाला लावलं आणि ते उडालं. दोन माणसं घेऊन उडालं. त्या इंजिनाची ताकद होती चाळीस अश्वशक्ती. त्यानंतर फोक्सवॅगनच्या बीटलचं झालं, शेवरोले कॉर्व्हेरचं झालं, सुबारूचं झालं, माझदाचं झालं. फ्रान्सच्या आंरी मिन्ये यांनी 1930 च्या दशकात मोटारसायकलच्या इंजिनावर उडेल असं चिमुकलं विमान काढलं, आणि युरोपात घरोघरी लोक ते बनवायला लागले. त्यातली काही विमानं उताणी होऊन पडायला लागली, तेव्हा इंग्लंडात त्याच्यावर बंदी आली. दोष तिथे इंजिनाचा कमी आणि पंखांच्या मांडणीचा जास्त होता. पण बंदी आली ती अख्ख्या विमानावर.

"चाळीस घोड्यात दोन मानसं उडाली," मिस्तरी बोटांवर हिशेब करत म्हणाला. "आठशेचे किती घोडे?"

"सदतीस."

"मंग तीनच तं कमी पडू राह्यले! एक मानूस बसू."

घोळ खरा याच ठिकाणी आहे, आणि तो घोड्यांच्या संख्येत नाही. फोर्डचं ते इंजिन तीन लिटरच्या वरचं, अवाढव्य आणि आळशी. आपले चाळीस घोडे ते मिनिटाला बावीसशे फेऱ्यांतच देऊन मोकळं होई. मारुतीचं इंजिन 796 सीसीचं. सदतीस घोडे गोळा करायला त्याला मिनिटाला पाच हजार फेऱ्या माराव्या लागतात. आता विमानाचा पंखा थेट त्याच्या तोंडावर बसवला, तर पाच फुटी पंख्याचं टोक आवाजाच्या वेगालाही मागे टाकतं. तसं झालं की पंखा हवा ढकलायचं सोडतो आणि नुसता बोंबलतो. म्हणून विमानाचा पंखा सहसा अडीच-पावणेतीन हजारांच्या वर फिरवत नाहीत. विमानाची इंजिनं मोठी, ठोकळ्यासारखी आणि जुन्या वळणाची का असतात, याचं उत्तर एवढंच आहे. ती कमी फेऱ्यांत ताकद देतात.

मिस्तरीनं हे ऐकून घेतलं आणि जगातल्या यच्चयावत हौशी विमानवाल्यांनी दिलेलं उत्तर दिलं. "पट्टा लावू ना सर. लहान पुली, मोठी पुली. गिरनीले नाही का लावत?"

लावतात. लोक पट्टे लावतात, चेन लावतात, गिअरबॉक्स लावतात, आणि घरच्या विमानातलं सगळ्यात मोठं रामायण तिथेच घडतं. सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं की शाफ्टला एक झटका बसतो. दर झटक्याला शाफ्ट केसाएवढा पिळतो आणि परत उलगडतो. गाडीत या पिळण्याकडे लक्ष द्यावं लागत नाही, कारण मध्ये जड फ्लायव्हील असतं, क्लच असतो, त्यात स्प्रिंगा असतात, आणि शेवटी रबरी टायर असतात. विमानात पुलीच्या पलीकडे लांबलचक, जड पंखा. त्याची स्वतःची थरथर वेगळी, इंजिनाची थरथर वेगळी. एका ठरावीक वेगाला दोघांचा ताल जमला, की प्रत्येक झटका आधीच्या झटक्यात मिसळत जातो. शाफ्ट तुटतो, गिअरचे दात उडतात, नट सैल होतात. जमिनीवर तपासणी करताना तो वेग कदाचित येतही नाही. तो येतो शंभर मीटरवर, जिथे पाना चालवायला जागा नसते. इंजिन स्वतः ठणठणीत असतं! भंगारात परत विकलं तरी भाव येईल इतकं ठणठणीत. फक्त त्याचा आणि पंख्याचा काडीमोड झालेला असतो.

आणखी एक गोष्ट मोटारवाल्यांच्या ध्यानात येत नाही. यावलहून जळगावला जाताना मारुती आपली पूर्ण ताकद क्वचितच वापरते, फार तर उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना. बाकी वेळ ती पाव ताकदीवर आरामात धावते. विमानाचं इंजिन उड्डाणाला पूर्ण ताकद देतं आणि वर गेल्यावर तासन्‌तास पाऊण ताकदीवर राबतं. उतार नाही, सिग्नल नाही, पाचोऱ्याच्या मामांकडे चहाला थांबणं नाही. वीस वर्षं इमानानं संसाराला वाहिलेलं इंजिन काढून त्याला एकदम या कामाला जुंपणं, हे माणसांच्या बाबतीत केलं असतं तर कामगार आयुक्तांनी नोटीस काढली असती.

मग आमचं ऊन. भुसावळ-यावलचं ऊन महाराष्ट्राला ठाऊक आहे; पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला तरी इथे लग्नं लागतात. पण हवा तापली की ती विरळ होते, आणि इंजिनाला उंची कळते ती हवेच्या दाटपणावरून. हिशेब करून बघितला तर भुसावळला 45 अंशांत हवा इतकी पातळ असते, की इंजिनाच्या मते आपण सुमारे तेराशे मीटरवर आहोत. महाबळेश्वरची उंची जवळपास तेवढीच. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी खान्देशात विमानाचं इंजिन समजतं आपण महाबळेश्वरला आलो, आणि तसंच सुस्तावतं. थंडावा मात्र महाबळेश्वरचा नाही. सदतिसातले पाच-सहा घोडे धावपट्टीवरच उन्हानं बसतात. त्यात मोटारीचं इंजिन पाण्यानं थंड होणारं, म्हणजे रेडिएटर आला, नळ्या आल्या, क्लिपा आल्या, पाणी आलं. गाडी तापली तर ड्रायव्हर रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून उघडतो, चार फूट वाफ उडते, मग शेजारच्या विहिरीचं पाणी ओततो. वर विहीर नाही.

यावर आप्पा म्हणाले, "ढगात पानी राह्यतं ना." मिस्तरीला ते पटल्यासारखं वाटलं. म्हणून मी घाईनं विषय बॅटरीवर नेला.

जुन्या वळणाच्या विमान-इंजिनात दोन मॅग्नेटो असतात, दर सिलिंडरला दोन प्लग असतात. बॅटरी मेली, वायर जळाली, तरी मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः पाडतात. एक गेला तर दुसरा आहे. नव्या मोटारींची इंजिनं संगणकावर चालतात. संगणकाला वीज लागते. वीज गेली की इंजिनाला काय करावं हे आठवत नाही. 2007 साली जर्मनीत स्पायर नावाच्या गावी याचा नमुना घडला, आणि तोही काही कोणा हौशी माणसाच्या विमानात नाही, रीतसर मान्यता मिळालेल्या दोन इंजिनांच्या डायमंड विमानात. त्या इंजिनांचा मूळ पुरुष म्हणजे मर्सिडीजच्या छोट्या मोटारीचं डिझेल इंजिन. विमानाची बॅटरी उतरली होती, म्हणून बाहेरून वीज देऊन ते चालू केलं. उड्डाण झालं. चाकं आत घ्यायची कळ दाबली. चाकांच्या मोटारीनं वीज ओढली, दाब पडला, दोन्ही इंजिनांचे संगणक क्षणभर विझले आणि दोन्ही इंजिनं एकदम बंद. विमान शेतात उतरवावं लागलं.

मिस्तरीच्या चेहऱ्यावर प्रथमच काळजी दिसली. बॅटरी उतरलेली गाडी धक्का मारून चालू करणं आणि मग 'आता बंद करू नको रे' असं बजावून सोडणं, हा त्याच्या दुकानाचा रोजचा धर्म. ज्या कामाचे तो पैसेही घेत नाही, त्याच कामानं जर्मनीत विमान पाडलं!

पेट्रोलचंही ऐका. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. रोटॅक्सवाले आपल्या चार-स्ट्रोक इंजिनाला दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर यांना मऊ करून सोडतं. उन्हात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ झाली की पेट्रोल पुढे सरकत नाही. हा अनुभव आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक दुचाकीवाल्याला आहे आणि ओलं फडकं हा त्याच्यावरचा तालुकामान्य उपाय आहे. विमानाच्या नळीवर ओलं फडकं ठेवायला कोणाला पाठवायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. याच रोटॅक्स कंपनीचं एक मात्र कौतुक केलं पाहिजे. आपल्या दोन-स्ट्रोक इंजिनाच्या माहितीपुस्तकात ती स्वच्छ सांगते की हे इंजिन कधीही अचानक बंद पडू शकतं, तेव्हा जिथे इंजिनाशिवाय उतरता येणार नाही तिथे जाऊच नका. आमच्याकडे इतक्या प्रामाणिकपणे माल विकणारा दुकानदार पहिल्या आठवड्यात दिवाळं काढेल.

मोठमोठ्यांनीही यात हात पोळून घेतले आहेत. पोर्शे कंपनीनं 1980 च्या दशकात आपल्या नावाजलेल्या 911 मोटारीच्या इंजिनावरून विमानाचं इंजिन बनवलं. एकाच दांड्यानं चालणारं, गुळगुळीत, आवाज कमी. मूनी कंपनीनं ते विमानात बसवूनही विकलं. गिऱ्हाईक जमेना, खर्च आवरेना, 1991 मध्ये पोर्शेनं कारभार गुंडाळला. त्याच्याही आधी अमेरिकेत जिम बीड यांनी बीडी-5 नावाचं एकट्यानं बसायचं सुंदर, सडपातळ विमान काढलं. घरी जोडायचे संच पाच हजारांवर विकले गेले. फक्त त्याला साजेसं इंजिन काही केल्या ठरेना. एक कंपनी बुडाली, दुसरी धरली, तिसरी शोधली. अमेरिकाभर गॅरेजांतून मांडव सजले, वऱ्हाड जेवून गेलं आणि नवरदेवाचा पत्ता नाही. 1979 मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली. ज्यांनी त्याच्या जागी मिळेल ते इंजिन बसवलं, त्यांच्यापैकी अनेकांना विमान काय करतं ते कळलं, पण ते दुसऱ्यांना सांगायला मिळालं नाही.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत मोठा गमतीदार आहे. निम्म्याहून जास्त काम स्वतः केलं असेल तर सरकार म्हणतं, उडवा. पण विमानावर 'प्रायोगिक' असं निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत लिहा, आणि आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावा की हे विमान हौशी माणसानं बनवलेलं आहे आणि सुरक्षिततेच्या नेहमीच्या नियमांत बसत नाही. हाच नियम यावल-किनगाव मार्गावरच्या वाहनांना लावला तर रंगाऱ्यांना दोन वर्षं दुसरं काम घ्यायला नको. आणखी एक. विमान तयार झाल्यावर मान्यताप्राप्त इंजिन-पंख्याची जोडी असेल तर सहसा पंचवीस तास एकट्यानं, वस्तीपासून लांब उडवून दाखवायचं. इंजिन मोटारीचं किंवा स्वतःच्या डोक्यातलं असेल तर चाळीस तास. वरच्या पंधरा तासांत त्या सरकारनं जे म्हणायचं ते सगळं म्हटलं आहे. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं 2012 मध्ये घरच्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा सगळ्यात वर दोन कारणं निघाली: इंजिन आणि त्याच्या गोतावळ्यातला बिघाड, आणि विमानावरचा ताबा सुटणं. कधीकधी पहिलं झालं की दुसरं होतं. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही. चांगलं विमान उंचीच्या आठ-नऊ पट अंतर तरंगत जातं. पण धावपट्टी सोडल्यासोडल्या इंजिन गेलं तर माणसाला मागे वळून घरी जावंसं वाटतं, आणि त्या वळण्यात वेग संपतो.

"मंग सरळ केयीच्या बागात उतरू," मिस्तरी म्हणाला.

आता मात्र आप्पा उठून बसले. केळीची बाग हा त्यांच्या अधिकाराचा विषय. उभ्या केळीत विमान उतरलं तर किती खोडं जातील, ठिबकच्या नळ्यांचं काय, घड कापणीला आले असतील तर व्यापारी कट्टी किती मारेल, हे त्यांनी एका दमात सांगितलं. वर विम्याचा मुद्दा काढला. केळीच्या फळपीक विम्यात जास्त तापमान आहे, कमी तापमान आहे, वादळ आहे, गारपीट आहे. विमान पडणे हे कारण त्यात नाही. तलाठी पंचनामा कोणत्या रकान्यात करील? कायद्याच्या बाजूनं विमानप्रवासावर झालेली इतकी मुद्देसूद टीका मी आजवर ऐकलेली नाही.

मिस्तरीनं शेवटचा आधार शोधला तो आपल्या पूर्वजांत. "सर, आपल्या मुंबईत कोन्या मानसानं पाऱ्यावर विमान उडवलं होतं म्हन्तात ना?"

म्हणतात. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 साली गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, आणि त्यात पाऱ्याचं इंजिन होतं, ही कथा मराठी माणसाला फार प्रिय आहे. पर्यायी इंजिन म्हणून पाऱ्याइतकं पर्यायी दुसरं काही नाही. तळपदे खरे होते, त्यांची ओढ खरी होती. पण या पाऱ्याच्या विमानविद्येला ज्या वैमानिक शास्त्र ग्रंथाचा आधार देतात, तो बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला, आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असा निर्वाळा त्यांनी दिला. मिस्तरीनं हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण पारा कितीले किलो?"

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पुढचं मात्र तसं नाही. ऑगस्ट 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात चोवीस वर्षांच्या एका वेल्डिंग करणाऱ्या तरुणानं स्वतः हेलिकॉप्टर बनवलं होतं. इंजिन मारुती 800 चं. शिक्षण आठवीपर्यंत, बाकी सगळं हातातलं कसब. जमिनीवरच चाचणी चालू होती. इंजिन उत्तम चाललं. मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मुख्य पंख्यावर आदळलं, आणि तो घाव त्याच्या डोक्यात बसला. त्यात तो गेला. इंजिनानं दगा दिला नाही. त्यानं फिरवलेल्या पात्यानं दिला. त्याच्या आदल्याच महिन्यात, जुलैत, आमच्या शेजारच्या चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात शिरपूरच्या अकादमीचं प्रशिक्षण विमान पडलं होतं. प्रशिक्षक दगावले, शिकाऊ वैमानिक मुलगी जबर जखमी झाली. डोंगरातल्या लोकांनी तिला झोळी करून खाली आणलं. ते तर कारखान्यात बनलेलं विमान होतं. हवेत कारखान्याच्या मालालाही माफी नाही, तर भंगारातल्या मालाची काय कथा?

उलट जमिनीवरची हिकमत बघा. त्याच वर्षाच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, तिला दुचाकीसारखी किक होती. आनंद महिंद्रा यांनी ती बघून त्याच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. किक मारून चालणारी जीप बंद पडली तर लोक हसतात, आणि परत किक मारता येते. दोन्ही माणसं सारखीच हुशार. एकाच्या खाली रस्ता होता.

म्हणून घरी विमान बनवूच नये असं माझं म्हणणं नाही. खान्देशानं त्याची साक्ष दिलेली आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या चारकोपात घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बनवलं. 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया' सप्ताहात बांद्रा-कुर्ला संकुलात मांडलं, तेव्हा त्याच्याभोवती जत्रा भरली होती. नोंदणीसाठी सहा वर्षं कागद फिरले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये विमानांचा कारभार बघणाऱ्या डीजीसीएनं नोंदणी दिली. उडायची परवानगी त्यानंतरची. आणि चाचणी? ती ना गच्चीवरून झाली, ना चौपाटीवर. विमान मुंबईहून आमच्या धुळ्याला आलं आणि 2020 मध्ये इथल्या धावपट्टीवर त्याच्या चाचण्या झाल्या. विमान बनवणारा स्वतः पेशानं वैमानिक, आणि त्यालाही इतका उशीर मंजूर होता. आमच्या मिस्तरीला सायलेन्सर गार होईपर्यंतही धीर निघत नाही.

तेव्हा यावल, रावेर, चोपडा, भुसावळ इथल्या तमाम मिस्तरी बांधवांना कळकळीची विनंती. विमानाचा सांगाडा घरी बनवा. पंख घरी शिवा. रंग तर द्याच, मागे लिंबू-मिरचीही टांगा. इंजिन मात्र विमानाचंच घ्या, आणि पैसे कमी पडत असतील तर पैसे जमेपर्यंत थांबा. आठशेचंच लावायचा हट्ट असेल तर ते पंख्यासकट जमिनीत रोवलेल्या लोखंडी घोड्यावर आवळा, पात्यांच्या रेषेत कोणालाही उभं करू नका, आणि मे महिन्यात भर दुपारी पाऊण ताकदीवर चाळीस तास चालवा. मध्ये प्लग पुसायचा नाही, पाणी ओतायचं नाही, फडकं ठेवायचं नाही. एवढ्यातून ते टिकलं तर यावलहून धुळ्याची गोंदूरची धावपट्टी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. ट्रॉलीवर घालून न्या, डीजीसीएचे कागद सोबत ठेवा आणि दिवस कळवा. बघायला आम्ही सगळे येऊ. बसायला कोणी येणार नाही.